आधी तबकडी, मग सुई

संगमनेरच्या एका निवृत्त शिक्षकांचा गेल्या उन्हाळ्यात मला फोन आला. पुण्यातल्या मुलाने त्यांना भारीतलं टर्नटेबल आणून दिलं होतं. आता त्याला कार्ट्रिज कोणतं लावायचं, एवढाच प्रश्न होता. मुलाने तीन नावंही कळवली होती. पहिलं पंचवीस हजारांचं, दुसरं साठ हजारांचं, तिसरं दीड लाखाचं. "यातलं कोणतं घेऊ तेवढं सांगा," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, आधी तुमच्या रेकॉर्डी बघू द्या." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. चष्मा घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदाराने घरची पुस्तकं घेऊन या म्हणावं, तसं त्यांना वाटलं असणार.

नगरहून एसटीने संगमनेरला गेलो. सरांच्या दोन पत्र्याच्या पेट्यांत सुमारे अडीचशे तबकड्या निघाल्या. त्यातल्या दीडशेहून अधिक लाखेच्या, ७८ गतीच्या. उरलेल्या एचएमव्हीच्या एलपी, बहुतेक मोनो. मुलाने सुचवलेल्या तिन्ही कार्ट्रिजांची सुई स्टिरिओ एलपीसाठी घडवलेली. म्हणजे दीड लाख खर्चूनही सरांच्या निम्म्याहून जास्त संग्रहाला ते यंत्र धड हात लावू शकलं नसतं.

कार्ट्रिज ही तशी साधी वस्तू आहे. हिऱ्याचं एक सूक्ष्म टोक, ते धरणारी बारीक दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाशी चुंबक किंवा तारेचं वेटोळं. खाचेच्या नागमोडी भिंतींवरून जाताना टोक हलतं आणि त्या हालचालीची वीज होते. चुंबक हलत असेल तर त्याला मूव्हिंग मॅग्नेट म्हणतात, वेटोळं हलत असेल तर मूव्हिंग कॉइल. शौकीन मंडळींचे सगळे वाद या दोन प्रकारांभोवती चालतात. माझं मत असं की, आपल्याकडच्या संग्रहांपुरता तो वाद दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न टोकाचा.

टोक खाचेच्या तळाशी बसत नाही, बसू नये. ते दोन्ही बाजूंच्या भिंतींना मध्येच कुठेतरी टेकतं. कुठे टेकेल ते टोकाच्या गोलाईवर ठरतं. लाखेच्या तबकडीची खाच ढोबळमानाने १५० मायक्रॉन रुंद असते, एलपीची तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. म्हणून एलपीला साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं, जुन्या मोनो एलपीला २५ चं, आणि ७८ ला ६५ ते ७५ चं. फार जुन्या, म्हणजे १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या तबकड्यांना कधी त्याहूनही जाड टोक बरं पडतं. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती थेट तळाला जाते आणि तिथली ऐंशी वर्षांची धूळ वाजवते. उलट केलं, तर जे होतं ते मी स्वतः केलेलं आहे.

१९८२ ची मे महिन्याची सुट्टी. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या घरच्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजला उलटसुलट होणारी सुई होती, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. मध्ये एक छोटी कळ. मी ती कळ फिरवली आणि सुट्टीभर वडिलांचा गीतरामायणाचा संच ७८ च्या बाजूने वाजवला. ते जाड टोक एलपीच्या खाचेत शिरतच नाही. भिंतींच्या वरच्या कडांवर बसतं आणि त्या चेपत जातं. जूनमध्ये वडिलांनी रेकॉर्ड लावली तेव्हा प्रत्येक 'स' आणि 'श' फाटून येत होता. ते मला काही बोलले नाहीत. तो संच नंतर घरात कधी लागला नाही.

बरोबर वीस वर्षांनी मी तो पुन्हा काढला. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. हे सगळं मी हाताला चटके बसत शिकलो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तसलं एक सूक्ष्मदर्शक तेव्हा नुकतंच मिळालं होतं. त्याखाली तबकडी धरली तर वरच्या कडा चेपलेल्या, पांढुरक्या, आणि खालची भिंत बरीचशी काळीशार, गुळगुळीत. मग १८ मायक्रॉनच्या साध्या गोल टोकाने लावून पाहिली. टिकटिक होती, पण गाणं सलामत होतं. माझी सुई जिथे पोचलीच नव्हती तिथे ते खाली राहिलं होतं. वडील तोवर गेले होते.

तेव्हापासून मी कार्ट्रिजकडे असं बघतो: आपण आवाज निवडत नसतो, भिंतीची उंची निवडत असतो. एकाच खाचेत वेगवेगळ्या उंचीवर तेच गाणं कोरलेलं असतं, आणि झीज मात्र ज्याच्या त्याच्या सुईच्या उंचीवर झालेली असते. जुन्या तबकड्यांचं जतन करणारे तंत्रज्ञ म्हणूनच एका सुईवर भागवत नाहीत. चढत्या मापाच्या सुयांची पेटी बाळगतात आणि कमी झिजलेला पट्टा सापडेपर्यंत सुया बदलत राहतात.

लाखेच्या तबकडीची झीज हे वेगळंच प्रकरण आहे. लाखेत दगडाची बारीक भुकटी मुद्दाम घातलेली असे. ती पोलादी पिनेला पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणून एका बाजूला एक पिन, असा दंडक होता. आपल्या घरांत तो पाळला गेला नाही. एक पिन आठवडाभर चाले. कर्ण्याच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त भाराने खाचेवर बसे (आजचं कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालतं), आणि गायकाचा आवाज चढला, तान आली की ती जड पिन भिंतीला धडका देई. नाट्यसंगीताची कोणतीही जुनी तबकडी उजेडात तिरपी धरा, करडे पट्टे दिसतील. ते बहुतेक वेळा नेमके तानेच्या जागी असतात. घराला काय आवडत होतं तेही त्यावरून कळतं.

आपल्याकडे ७८ चा प्रश्न पाश्चात्त्यांपेक्षा मोठा आहे, कारण त्या इथे फार काळ निघत राहिल्या. अमेरिकेत एलपी १९४८ मध्ये आली आणि दहा-बारा वर्षांत ७८ संपली. भारतात ती १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. परदेशी मासिकांतले सल्ले स्टिरिओ एलपीचे संग्रह गृहीत धरून लिहिलेले असतात. ते सल्ले चुकीचे नसतात, फक्त ते आपल्या पेटीतल्या तबकड्यांसाठी नसतात.

एलपींतही आधी कवचावरची अक्षरं पाहावीत. एचएमव्हीच्या क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर तबकडी मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनोत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचतं, आणि मोनो तबकडीत उभं असं जे काही असतं तो निव्वळ खरखराट. मोनो कार्ट्रिज त्याकडे लक्षच देत नाही. पण ते वेगळं घ्यायलाच हवं असं नाही. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दोन्ही बाजू एकत्र होऊन बराच खरखराट आपोआप वजा होतो. ७८ लाही हेच लागू. हे बटण फुकट आहे म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आता तो दुसऱ्या नंबरचा वाद. मूव्हिंग कॉइलची दांडी हलकी, तपशील बारीक, हे खरं. जपानच्या डेननचं डीएल-१०३ हे साध्या गोल टोकाचं कार्ट्रिज १९६० च्या दशकापासून चालत आलं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्याला जड आर्म लागतो. हलक्या आर्मवर ते नीट बसत नाही. शिवाय बहुतेक मूव्हिंग कॉइलांचा आउटपुट अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतो, त्यामुळे खास ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. आणि सुई झिजली की घरी बदलता येत नाही, आख्खं कार्ट्रिज बाहेरगावी किंवा परदेशी पाठवायचं. मूव्हिंग मॅग्नेटचा आउटपुट तीन ते पाच मिलिव्होल्ट, आणि सुई पुढून ओढून काढता येते, दुसरी बसवता येते. ज्याला उंच्या बदलायच्या आहेत त्याच्यासाठी ही सोय लाखमोलाची. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत तर एकाच कार्ट्रिजवर साधी गोल, लंबगोल, अतिबारीक मायक्रोलाइन आणि ७८ ची, अशा सगळ्या सुया बसतात. सुई बदलली की भार मात्र पुन्हा मोजून घ्यायचा. अतिबारीक सुई भिंतीचा लांब पट्टा वाचते, खोलवर जाते, पण खाच स्वच्छ नसेल तर घाणही तितकीच खोलवर वाचते.

स्वच्छतेचं एक सांगून ठेवतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. आमच्या नगरकडचं बोअरचं पाणीही नको, त्याचा क्षार खाचेत बसतो. मी डिस्टिल्ड वॉटर आणतो, त्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही.

सरांच्या पेटीत 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटातल्या गाण्याची एक तबकडी होती. प्रभातचा १९४० चा चित्रपट, दिग्दर्शन दामले-फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे. ज्ञानेश्वर झाले होते शाहू मोडक, जन्माने नगरचे. आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासंही आपल्याच जिल्ह्यातलं. ही तबकडी सरांच्या वडिलांनी घेतलेली. मी माझ्या सुया नेल्या होत्या. ६५ ने नुसती सळसळ आली, बहुधा तळाची. ७५ ने शब्द कळले, पण स्वर चढला की फाटे. ९० ची लावली आणि आवाज मोकळा झाला, पोलादी पिनेने खाल्लेल्या पट्ट्याच्या वरचा. सर खुर्ची पुढे ओढून बसले. मग त्यांनी तबकडी उलटी केली. ती बाजू तिन्ही सुयांनी फाटकीच वाजली.

"हीच बाजू दादांना जास्त आवडायची," सर म्हणाले.

जुलैत त्यांनी व्हीएम९५ आणि दोन सुया मागवल्या, एक ७८ ची, एक साधी गोल. ९० ची माझी सुई सध्या त्यांच्याकडेच आहे. उरलेल्या पैशांतून त्यांनी दीडशे तबकड्यांना नवी कागदी पाकिटं केली.