पदवीस्तरीय संशोधन प्रकल्प आणि तौलनिक साहित्याभ्यास : मार्गदर्शनाच्या स्वरूपाचा विचार

संशोधन हे पदव्युत्तर शिक्षणानंतरचे कार्य, अशी समजूत भारतीय विद्यापीठांतील भाषा-साहित्य विभागांत दीर्घकाळ रूढ होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्याने तिला छेद दिला. या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प वा प्रबंधिका हाती घेऊ शकतो. त्याच वर्षीच्या पीएच.डी. विषयक नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर, गुणांच्या अटीसह, थेट पीएच.डी. प्रवेशाची वाट मोकळी केली. त्यामुळे पदवीचा प्रकल्प हा आता हौसेचा उपक्रम राहिला नसून संशोधनक्षेत्राचा उंबरठा ठरला आहे. अशा वेळी साहित्याच्या क्षेत्रात 'मार्गदर्शन' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तपासणे अगत्याचे ठरते.

या पद्धतीचा आधुनिक आदर्श प्रामुख्याने प्रयोगशाळेतून आला आहे. एडविन लँड या संशोधक-उद्योजकाने १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दिलेल्या व्याख्यानात, नव्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच स्वतःचा संशोधनविषय असावा, अशी कल्पना मांडली. तिच्या प्रेरणेने मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तेथे १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनसंधीचा कार्यक्रम सुरू केला. १९९८ च्या बॉयर आयोगाच्या अहवालाने अमेरिकेतील संशोधन-विद्यापीठांत संशोधनाधारित अध्ययन हाच पदवी शिक्षणाचा पाया असावा, असा आग्रह धरला.

प्रयोगशाळेत मार्गदर्शनाची एक उतरंड आपोआप सिद्ध असते. प्राध्यापक, पीएच.डी. चे संशोधक आणि पदवीचा विद्यार्थी एकाच मोठ्या प्रश्नाच्या निरनिराळ्या भागांवर काम करतात. नवख्याला मर्यादित परंतु उपयुक्त काम मिळते. साहित्याचा अभ्यासक मात्र बहुधा एकटा वाचतो व एकटा लिहितो. त्याच्या कामाचा एखादा तुकडा काढून विद्यार्थ्याच्या हाती देणे सहजसाध्य नसते. परिणामी साहित्य विभागांतील प्रकल्प दोन टोकांना जाण्याचा धोका संभवतो. एक तर विद्यार्थी उपलब्ध समीक्षेचे संकलन करून तेच संशोधन म्हणून सादर करतो. किंवा एखाद्या संपूर्ण वाङ्मयीन परंपरेवर निर्णय देण्याचे ओझे त्याच्यावर पडते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे कामाचे योग्य एकक ठरवणे. मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य तेच होय.

उदाहरण म्हणून संत नामदेवांच्या पदांचा विचार करता येईल. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथाच्या परंपरेतून आलेल्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी गाथेतील नामदेव आणि ही पदे रचणारे नामदेव एकच काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्यासारख्या नामसाधर्म्य असलेल्या कवींमुळे मराठीतही कर्तृत्वाचा प्रश्न गुंतागुंतीचा झाला आहे. हा वाद पदवीच्या विद्यार्थ्याने सोडवावा, अशी अपेक्षा अवास्तव ठरेल. मात्र निवडक दहा पदांत कवीची नाममुद्रा कोणत्या रूपात व पदाच्या कोणत्या स्थानी येते, आणि गाथेतील दहा अभंगांशी ताडून पाहता काय आढळते, हा प्रश्न त्याच्या आवाक्यातला आहे. त्याचे उत्तर मोठ्या वादाला थेट निकाली काढत नाही. परंतु त्या वादासाठी लागणारा पुरावा नीट मांडते.

असा छोटा प्रश्नही एका विभागाच्या चौकटीत मावत नाही. जुन्या गुरुमुखी हस्तलिखितांत मजकूर 'लडीवार', म्हणजे शब्द न तोडता सलग लिहिलेला असे. आजच्या मुद्रित प्रतींत पदच्छेद केलेला असतो. शब्द कोठे तोडावा, हा निर्णय अर्थनिर्णयाचाच भाग असल्याने तेथे पंजाबीच्या अध्यापकाचे साहाय्य अपरिहार्य ठरते. ग्रंथातील पदे रागांनुसार रचली असल्यामुळे संगीताच्या जाणकाराची गरज भासते. शब्दसूची संगणकावर करावयाची झाल्यास संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा सहभाग उपकारक होतो. अशा वेळी प्रत्येक मार्गदर्शकाने कामाच्या एकेका पायरीची जबाबदारी उचलावी लागते. शेवटी हाती येणारी सटीप समांतर संहिता आणि शब्दसूची हे या प्रकल्पाचे खरे फलित. विद्यार्थ्याचा निष्कर्ष कच्चा राहिला तरी ही साधने पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडतात.

मराठी प्रदेशाबाहेरील विद्यापीठांत या पद्धतीला विशेष अर्थ आहे. तेथील वर्गात निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी एकत्र बसतात. प्रचलित अध्यापनात त्यांचे हे भाषाज्ञान गृहीत धरले जात नाही. तौलनिक प्रकल्पात मात्र ज्या विद्यार्थ्याला पंजाबी येते, तो त्या पायरीवर मराठीच्या मार्गदर्शकाहून अधिक जाणतो. मार्गदर्शक येथे पद्धतीचा जाणकार असतो, सर्व भाषांचा नव्हे.

संस्थात्मक चौकट याला कितपत पोषक आहे, हा मात्र चिंतेचा विषय आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१२ मध्ये महाविद्यालयांसाठी नवोपक्रम प्रकल्प सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या विषयांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी एकत्र यावे, हीच त्यामागील भूमिका होती. याउलट २०२२ चा आराखडा चौथ्या वर्षाचा प्रकल्प विद्यार्थ्याच्या मुख्य विषयात असावा, असे सांगतो. या अटीचा अर्थ संकुचितपणे लावला गेल्यास दुसऱ्या विभागातील अध्यापकाचे साहाय्य केवळ सौजन्याचे राहील. त्याच्या कार्यभारात त्याची नोंद होणार नाही आणि पुढच्या वेळी तो वेळ देईलच असे नाही. श्रेयाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. विद्यार्थ्याने तयार केलेली शब्दसूची मार्गदर्शकाच्या लेखात वापरली गेल्यास तेथे त्याचे नाव आले पाहिजे. विज्ञानात सहलेखनाची रीत रुळलेली आहे. साहित्याभ्यासात ती अद्याप दुर्मीळ आहे.

दिल्ली विद्यापीठात २०२२ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२५ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचली. प्रकल्पाचे एकक, मार्गदर्शकांची कामविभागणी आणि श्रेयाची नोंद या तीन गोष्टी विभागांनी आधी लेखी ठरवल्या, तर पदवीस्तरीय संशोधन हे साहित्याच्या क्षेत्रात प्रयोगशाळेचे अनुकरण न राहता त्या क्षेत्राच्या स्वभावाला अनुसरून वाढू शकेल. अन्यथा १२ श्रेयांक पूर्ण होतील. संशोधनाची सवय लागेलच असे नाही.