जमिनीलगत पसरणारे गुलाब

गुलाब म्हणजे जिकिरीचे झाड, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. लांब दांड्याच्या, मोठ्या फुलांच्या गुलाबांपुरता तो खराही आहे. परंतु अंगणाकडेचा मुरमाड उतार झाकावयाचा असेल, पहिल्याच वळवात तेथील माती वाहून जात असेल, तर गुलाबाचाच एक बुटका, पसरणारा वर्ग कामी येतो. त्याला आधार लागत नाही, बांधणी लागत नाही आणि छाटणीही जुजबीच पुरते.

जपान व पूर्व चीनच्या किनाऱ्यावर रांगणारी 'विचुराना' ही रानटी जात या वर्गातील अनेक वाणांच्या पूर्वजांपैकी एक होय. तिच्या फांद्या मातीला टेकल्या की तेथेच मुळे धरतात. इंग्लंडमधील 'द फेअरी' (१९३२), अमेरिकेतील पांढरा 'सी फोम' (१९६४) व जर्मनीत नोआक यांनी १९८९ साली आणलेला 'फ्लॉवर कार्पेट' हे यांतील प्रसिद्ध वाण. फुले लहान, झुबक्यांनी येणारी. सुवास मात्र बेताचाच. देवपूजेला वा गुलकंदाला फुले हवी असतील त्यांनी गावठी गुलाबच लावावा, हे बरे.

रोप घेताना ते डोळा भरलेले आहे की स्वतःच्या मुळावरचे, हे आवर्जून विचारावे. डोळा भरलेल्या रोपाच्या खुंटाला फुटवे येतात आणि पसरलेल्या काटेरी फांद्यांत ते शोधून काढणे फार कठीण जाते. पुढे खुंटच माजतो व मूळ वाण मरतो. यासाठी स्वमुळावरचे रोप पसंत करावे.

लागवड फसते ती बहुधा हरळी आणि लव्हाळ्यामुळे. हा गुलाब जमीन झाकतो खरा, पण तण दाबण्याइतकी दाट सावली पहिली दोन वर्षे तरी धरीत नाही. आणि एकदा काट्यांखाली हरळी शिरली की हात घालण्याची सोय उरत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात जमीन खोल खणून काश्या व गाठी वेचून काढाव्यात आणि ढेकळे उन्हात तापू द्यावीत. या कामात केलेली कसर पुढे कशानेही भरून निघत नाही.

दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडून अडीच-तीन फुटांवर दीड फूट खोल खड्डे घ्यावेत व त्यांत शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळावी. देशावर पावसाच्या आरंभी, तर कोकणात पावसाचा जोर ओसरल्यावर लावावे. उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगास अर्धचंद्राकृती बांध घालावा. पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन द्यावे. मात्र ते बुंध्याला भिडवू नये. पहिला उन्हाळा पाणी चुकवू नये, पुढे जमिनीचा मगदूर पाहून पाळ्या लांबवाव्यात.

ऑक्टोबरात सुकलेल्या फांद्या काढून बाकीच्या एकतृतीयांश छाटाव्यात. डोळा पाहून काप घेण्याची गरज नाही, कुंपणाची कात्री चालते. शेंड्याकडून वाळणारी फांदी हिरव्या भागापर्यंत कापून बोर्डो मलम लावावे. पावसाळ्यात काळे ठिपके पडून गळलेली पाने वेचून जाळावीत.

नवी रोपे विकत घेण्याचे कारण नाही. पावसाळ्यात एखादी लांब फांदी वाकवून, खालून किंचित खरवडून मातीत दाबावी व वर दगड ठेवावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुळे धरल्याची खात्री करून ती मूळ झाडापासून तोडावी.