रामाची उतारी

गौरी-गणपतीचे जागरण आणि पत्त्यांचा डाव यांची फारकत कोकणात सहसा होत नाही. अलिबाग-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही घराच्या पडवीत त्या रात्री डोकावून पाहावे. सतरंजीवर बदाम, चौकट, इस्पिक, किलवर यांचे राज्य असते. ही बावन्न पाने आपल्या हाताला इतकी सरावली आहेत, की ती परकी असल्याचे भानही उरलेले नाही. ‘किलवर’ मात्र आपले कूळ लपवत नाही. डच भाषेत ‘क्लाव्हर’ म्हणजे तिपानी गवत.

या पानांमागे युरोपातला ठसे कोरणारा कारागीर उभा आहे. राजा-राणी-गुलामाची चित्रे त्याने एकदा ठशावर कोरली, की तावामागून ताव छापून निघत. १८३०च्या दशकात लंडनच्या टॉमस द ला रू याने पत्त्यांची रंगीत छपाई यंत्रावर आणली. पुढे बेल्जियममधल्या टुर्नहाउट गावचे कारखानदार खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी पत्ते छापू लागले. आगबोटींतून जोडच्या जोड येत होते. स्वस्त आणि एकसारखे.

मग आपले पत्ते कुठे गेले? त्यासाठी हाच किनारा धरून दक्षिणेला, सावंतवाडीला जायला हवे. तिथला चितारी ठसा कोरत नव्हता, तो कुंचला चालवत होता. त्याच्या पत्त्यांचे नाव गंजिफा. हा खेळ मोगलांबरोबर आला. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या एका स्नेह्याला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात सापडते. मोगली गंजिफा ९६ पानांची. आपल्या लोकांनी तीत दशावतार बसवले आणि ती १२० पानांची केली. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. पाने मोजता मोजताच पोरांना अवतार पाठ होत असतील!

ही पाने गोल असतात. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात. खरी परीक्षा मात्र पाठीची. समोरचे चित्र कितीही देखणे असो, १२० पानांची पाठ हुबेहूब एकसारखीच हवी. एका पानावर वेगळा ओरखडा उमटला, तर सारा डावच उघडा पडणार. ठशाने जे आपोआप साधते, ते चितारी नुसत्या हाताने साधत असे. दरबारासाठी उंची जोड, बाजारासाठी साधे, असे दोन्ही तो करी. पण पानावर त्याचे नाव सहसा नसे.

खेळही डोक्याला ताण देणारा. तिघे गडी, प्रत्येकाला चाळीस पाने, हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का. कुठले पान पडले आणि कुठले उरले, हे स्मरणातच ठेवायचे. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. कोणी पत्ते खेळू लागला की बाहेर ऊन आहे की चांदणे, हे पाटावरच कळायचे.

छापील पानांपुढे ही मेहनत टिकणे कठीणच होते. त्यात पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, १८९४मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना आला आणि देवादिकांची छापील चित्रेही घरोघरी पोचली. चिताऱ्याची दोन्ही गिऱ्हाइके हातची गेली. १९७०च्या सुमारास सावंतवाडीत ही कला पुरती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंतच काय ते उरले होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि गंजिफा पुन्हा रंगू लागली. मुंबईत राहून या पत्त्यांचा ध्यास घेतलेल्या रूडॉल्फ फॉन लायडेन यांनी १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी त्यांच्यावर ग्रंथही सिद्ध केला.

कला वाचली, याचा आनंद आहेच. तरीही एक रुखरुख उरते. आज गंजिफा विकत घेतली जाते ती बहुधा भिंतीवर लावायला, भेट द्यायला, काचेच्या कपाटात ठेवायला. पाने जगली, डाव गेला. एकसारखी पाठ आता कोणापासून काय लपवणार?

खेळाची वस्तू खेळणाऱ्या हातांनीच जिवंत राहते. नवा जोड करणे हे कारागिराचे काम; त्याने ते केले. उरलेले काम आपले आहे. पुढच्या गौरीच्या रात्री एखाद्या पडवीत तिघांनी गोल पाने वाटून घ्यावीत. रात्र असेल, तेव्हा उतारी कृष्णाची. आणि डाव रंगून फटफटले, तर रामाची.