माणसे बालशिक्षक का होतात?

घरातील मुलगी पदवीधर झाली आणि तिने बालवाडीत शिकवण्याची इच्छा व्यक्त केली, तर व्यापारी कुटुंबात बहुधा दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर कौतुकाचे : "छान आहे, अर्ध्या दिवसाचे काम, घरही सांभाळता येईल." दुसरे हिशेबाचे : "पगार किती?" दोन्ही उत्तरे अस्वाभाविक नाहीत. ज्या घरात रोज संध्याकाळी गल्ला मोजला जातो, तेथे श्रमाचे मोल विचारले जाणारच. परंतु या दोन्ही उत्तरांत एक प्रश्न राहून जातो, आणि खरे तर तोच आधी विचारावयास हवा : तिला हे काम का करावेसे वाटते?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण्याचे काम आपल्याकडे ज्यांनी उभे केले, त्यांच्या चरित्रांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. यांपैकी कोणीही या क्षेत्रात सोय म्हणून आले नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात असे काही घडले, की आधीचा मार्ग अपुरा वाटू लागला. ही कारणे परस्परांहून भिन्न आहेत, आणि म्हणूनच ती नीट समजून घेण्यासारखी आहेत.

वकिली सोडणारा पिता

गिरिजाशंकर भगवानजी बधेका म्हणजे गिजुभाई. जन्म १५ नोव्हेंबर १८८५, सौराष्ट्रातील चितळ येथे. १९०७ मध्ये ते उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेस गेले, परत आल्यावर मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. व्यवसाय बेताचा नव्हता. समाजात मान होता, पुढे वाढ होती.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. या मुलाला शिकवायचे कसे, हा प्रश्न पित्याच्या मनात उभा राहिला. स्वतःच्या शाळेची आठवण होती ती छडीची आणि घोकंपट्टीची. त्याच शाळेत आपल्या मुलास घालण्याची त्यांच्या मनाची तयारी होईना. शोध घेता घेता वसो येथील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मारिया माँटेसरी यांच्या विचारांची ओळख झाली. एका मुलापुरता सुरू झालेला शोध हळूहळू सर्व मुलांचा झाला. १९१६ मध्ये गिजुभाई वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत नानाभाई भट्ट यांच्याबरोबर दाखल झाले.

तेथे आरंभी त्यांचे काम मोठ्या विद्यार्थ्यांत होते. ते करताना त्यांना जाणवले, की मुलाच्या मनात भीती आणि आळस एकदा मुरला की पुढे तो काढणे अवघड जाते. पाया घालायचा तर आणखी खाली उतरले पाहिजे. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. मोठ्यांच्या शाळेतून लहानांच्या शाळेत जाणे ही जगाच्या दृष्टीने पदावनती होती. गिजुभाईंना ती बढती वाटली. मुलांनी आणि पालकांनी त्यांना दिलेले नाव आजही गुजरातेत प्रसिद्ध आहे : 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई.

त्यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील शिक्षक नव्या पद्धतीचा उत्साह घेऊन चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार फसतो. मग तो मुलांना गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग त्याच्याजवळ येतो. ज्यांना हे काम करण्याची हौस आहे, त्यांनी हा पहिला दिवस अवश्य वाचावा. प्रेरणा माणसाला वर्गाच्या दारापर्यंत आणते. आत टिकून राहण्यासाठी निरीक्षण, संयम आणि आपली पद्धत बदलण्याची तयारी लागते.

प्राचार्यपदावरून अंगणात

ताराबाई मोडक यांची वाट वेगळी. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. घर प्रार्थनासमाजी, सुधारकी वळणाचे. ज्या काळात मुलींनी शाळा पुरी करणेही दुर्मिळ होते, त्या काळात त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. पदरी मुलगी होती. पुढे राजकोटच्या स्त्री अध्यापिका महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. स्वतंत्र उत्पन्न, प्रतिष्ठा आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या.

ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात गेल्या. एकट्या स्त्रीने स्थिर नोकरी सोडणे हे आजच्या हिशेबानेही धाडसच. परंतु शिक्षिका घडविणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसलेल्या बाईंना, शिक्षणाची खरी सुरुवात जेथे होते ती जागा स्वतः पाहायची होती. १९२६ मध्ये त्यांनी आणि गिजुभाईंनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून हे विचार गुजराती आणि मराठी घरांत पोहोचले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

ताराबाईंच्या प्रेरणेचा दुसरा टप्पा अधिक विचार करण्याजोगा आहे. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. ती शहरातील सुखवस्तू मुलांपर्यंतच पोहोचत होती. खेड्यातील मुलाचे काय? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. (हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे.) शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती ही तेथील साधने झाली. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द येथून आला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासी मुलांमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते, म्हणून कुरणातच शाळा भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशाच्या खेडोपाडी गेला. ताराबाई त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, निवर्तल्या होत्या.

तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांत वैधव्य

अनुताई वाघ यांची कथा आपल्या आजीच्या पिढीची वाटावी अशी आहे. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातील मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळातील चालीप्रमाणे एका बालविधवेच्या वाट्याला घराचा एक कोपरा आला असता. अनुताई शिकल्या, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षे नोकरी केली.

त्यांच्या बाबतीत शिक्षिका होण्याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक होते : स्वतःच्या पायावर उभे राहणे. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडे सेवेचे गुणगान करताना पोटाचा प्रश्न लपविण्याची सवय आहे. प्रत्यक्षात अनेक उत्तम शिक्षक उपजीविकेसाठीच या व्यवसायात आले आणि काम करता करता त्यांना त्यात अर्थ सापडला. अनुताईंना तो अर्थ १९४५ मध्ये सापडला. बोरिवली येथील एका प्रशिक्षण शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली. शहरातील नोकरी सोडून त्या बोर्डीस गेल्या. वय ३५. पुढील सारे आयुष्य त्यांनी त्याच कामास दिले. त्यांचे स्वतःचे शिकणेही थांबले नाही; पन्नाशीनंतर त्या बी.ए. झाल्या. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

तीन वाटा, एक खूण

पित्याची काळजी, विचारवंत स्त्रीचे असमाधान आणि एकाकी स्त्रीची स्वावलंबनाची गरज, अशा या तीन प्रेरणा. त्यांत एक खूण समान आहे. तिघांच्याही मनात एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर लहान मुलांमध्ये राहूनच मिळणार होते. "मला मुले आवडतात" हे आज सर्वाधिक ऐकू येणारे कारण. ते चांगले आहे, पण पुरेसे नाही. स्वच्छ कपड्यांतील, हसरे मूल सर्वांनाच आवडते. रडणारे, चावा घेणारे, एकच गोष्ट अकराव्यांदा विचारणारे मूल ज्याला जाणून घ्यावेसे वाटते, त्याच्या प्रेरणेत टिकाऊपणा असतो.

येथे मारिया माँटेसरी यांच्या पहिल्या शाळेचा प्रसंग व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ती शाळा उघडली. गृहनिर्माण करणाऱ्या मंडळींचा हेतू साधा होता : आईबाप कामावर गेल्यावर मुले इमारतीची नासधूस करीत, ती एका खोलीत सांभाळली जावीत. भिंती आणि जिने वाचावेत म्हणून केलेल्या या खर्चातून जगभरच्या बालशिक्षणाला नवी दिशा मिळाली, कारण त्या खोलीत मुलांकडे बारकाईने पाहणारी एक डॉक्टर होती. खोली कोणीही देऊ शकला असता. खोलीला शाळा केले ते पाहणाऱ्या नजरेने.

मोलाचा प्रश्न

आता आरंभीच्या हिशेबाकडे वळावयास हरकत नाही. लहान मुलांच्या शिक्षिकेचे उत्पन्न कमी असते, हे सत्य आहे, आणि त्याला कारणेही आहेत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू होतो. त्याआधीच्या वयासाठी शासनाने व्यवस्था करावी एवढेच त्यात सुचविले आहे. अंगणवाडी सेविकेला जे मिळते त्यास वेतन न म्हणता 'मानधन' म्हणतात. खासगी बालवाड्यांत तर पगार संस्थाचालकांच्या मर्जीवर ठरतो. दुसरीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण मुख्य रचनेत घेतले असून, मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो असे त्यात नमूद केले आहे. ज्या वयास आपण सर्वांत महत्त्वाचे म्हणतो, त्याच वयाच्या शिक्षकास सर्वांत कमी देतो. कोणत्याही पेढीवर असा जमाखर्च मान्य झाला नसता.

या विसंगतीची एक बाजू आपल्या समाजाच्या हाती आहे. शाळा, बालमंदिरे, वसतिगृहे चालविणाऱ्या विश्वस्त मंडळांवर आपल्यापैकी अनेक जण आहेत. शाळेसाठी देणगी देताना हात आखडता घेणारी घरे आपल्यात थोडी. मात्र देणगी बहुधा इमारतीसाठी असते; सभागृहाच्या दारावर संगमरवरी पाटी लागते. शिक्षिकेच्या वेतनासाठी अथवा प्रशिक्षणासाठी कायम निधी ठेवणारे देणगीदार क्वचितच आढळतात. मुद्दल सुरक्षित ठेवून त्याच्या व्याजातून बालवर्गाच्या शिक्षिकांना सन्मानाचे वेतन देता येईल, दरवर्षी एकीला चांगल्या प्रशिक्षणासाठी पाठविता येईल. ही योजना आखण्यास मोठे पांडित्य लागत नाही. मंडळाच्या एका बैठकीत तसा ठराव तेवढा व्हावा लागतो.

घराने काय विचारावे?

मुलगी अथवा सून बालशिक्षिका होऊ इच्छिते, तेव्हा कुटुंबाने तिला काही प्रश्न जरूर विचारावेत. एखाद्या बालवाडीत आठवडाभर बसून तिने काम पाहिले आहे काय? मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेण्याची तिची तयारी आहे काय? दुपारी घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाची साधने तयार करावी लागतात, पालकांना भेटावे लागते, हे तिला ठाऊक आहे काय? आणि पाच वर्षांनी ती कोठे असेल : त्याच वर्गात, स्वतःच्या शाळेत, की इतर शिक्षिका घडविण्याच्या कामात?

तितकेच प्रश्न घराने स्वतःलाही विचारावेत. दुकानातील मुलाचे काम ते 'काम' आणि सुनेची शाळा ती 'वेळ जाण्याची सोय', अशी विभागणी मनात आहे काय? सणाच्या दिवसांत दुकान बंद ठेवणे अशक्य असते, तसे तिचा वर्ग सुटणेही अशक्य असते, हे आपण मानतो काय? घरात पुरुषाने हे काम करावयाचे ठरविले तर ते आपल्या पचनी पडेल काय? गिजुभाई पुरुषच होते, आणि वकील होते.

उत्तरे समाधानकारक असतील, तर पगाराचा आकडा शेवटी विचारावा. तो कदाचित लहान असेल. त्या मुलीला मागे खेचण्यासाठी त्याचा उपयोग करण्याऐवजी तो वाढविण्यासाठी आपण विश्वस्त, देणगीदार आणि पालक म्हणून काय करू शकतो, याचा विचार त्याच बैठकीत व्हावा. आपल्या घरातील तीन वर्षांचे मूल उद्या कोणाच्या तरी हाती सोपवायचेच आहे. ते हात प्रशिक्षित, समाधानी आणि सन्मानित असावेत, यात आपलाच लाभ आहे.