मुलाला सोप्रानो सॅक्सोफोन घेऊन देताना

आमच्या पुतण्याला क्लॅरिनेटचा नाद लहानपणापासून. जयंतीच्या मिरवणुकीत बँड आला की हा पोरगा क्लॅरिनेटवाल्याच्या बाजूने पार वेशीपर्यंत चालत जायचा. बारावी झाली आणि त्याने सोप्रानो सॅक्सोफोनचा हट्ट धरला. भावाने बोनस मोडला, वहिनीने भिशी उचलली आणि २७,००० रुपयांना सोनेरी, चकचकीत वाद्य घरात आले. दुकानदाराने पेटी, पट्टा, पुसायचे फडके असे सगळे ‘फुकट’ दिले होते.

आठ महिने पोराने रियाज केला. वरचे सूर चढायचे, खालचा सूर घोगरा होऊन फुटायचा. घरातली माणसे आधी हसली, मग म्हणू लागली की याला सुराचा कान नाही. पोरालाही ते पटले. पेटी माळ्यावर गेली.

पुढे एकदा वस्तीतले जुने बँडवाले काका घरी आले. त्यांनी पेटी खाली काढायला लावली आणि स्वतः वाजवून पाहिले. चाळीस वर्षे क्लॅरिनेट-सॅक्सोफोन फुंकलेल्या माणसालाही तो खालचा सूर निघेना! मग त्यांनी रोषणाईची बारीक एलईडी माळ मागितली, बॅटरीवर चालणारी. ती नळीत सोडली, खोलीतला दिवा मालवला आणि एकेक चावी दाबली. तीन ठिकाणी मिटलेल्या झाकणाखालून उजेड बाहेर येत होता. जिथून उजेड निघतो तिथून हवाही निघते. काका भावाला म्हणाले, “पोराचा कान चांगलाय. म्हणूनच त्याला बेसूर सहन झालं नाही.”

पालकांनो, हे सगळे सांगण्याचे कारण असे की सोप्रानोच्या बाबतीत ही फसगत जास्त होते. १८४६ साली पॅरिसमध्ये अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. आज त्यात सोप्रानो, ऑल्टो, टेनर आणि बॅरिटोन हे चार प्रकार नेहमीच्या वापरात आहेत. त्यांत सोप्रानो सर्वांत लहान, बहुधा क्लॅरिनेटसारखा सरळ. लहान म्हणून स्वस्त आणि सोपा असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात नळी जितकी आखूड तितकी चूक मोठी दिसते. भोक केसभर इकडेतिकडे पडले, ओठ जरा जास्त आवळले की सूर हलला. ऑल्टोवर जी कसर खपून जाते ती सोप्रानोवर कानाला टोचते. म्हणून स्वस्त ऑल्टोवर एक वेळ शिकता येईल, पण स्वस्त सोप्रानो फार पारखून घ्यावा लागतो.

बरेच शिक्षक आधी ऑल्टो घ्यायला सांगतात ते याच कारणाने. ऑल्टो जुन्या बाजारातही सहज मिळतो. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणारे कद्री गोपालनाथ किंवा हिंदी चित्रपटांतले मनोहारी सिंग यांचे नाव झाले ते ऑल्टोवर. पण मुलाचे मन सोप्रानोवरच बसले असेल तर मारून मुटकून दुसरे वाद्य हातात देऊ नये. न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे याने १९१९ साली लंडनमध्ये सरळ सोप्रानो विकत घेतला आणि पुढे तेच त्याचे मुख्य वाद्य झाले. जॉन कोल्ट्रेनची १९६१ साली आलेली ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ऐकवा मुलाला. हे वाद्य काय बोलू शकते ते कळेल.

आता पैशांचे. पॅरिसचे सेल्मर, जपानचे यानागिसावा ही नावे विसरा, तिथे हिशेब लाखांत चालतो. अगदी खालच्या किमतीत चिनी बनावटीचा माल असतो. एकाच कारखान्याचे वाद्य चार वेगवेगळ्या नावांनी विकले जाते, त्यामुळे नावावर जाऊ नका. त्यातही एखादे बरे निघते, पण ते त्या एकाच वाद्याबद्दल खरे. शेजारच्या पेटीतले तसेच असेल याची खात्री नाही. माझे मत विचाराल तर चांगल्या अवस्थेतला वापरलेला यामाहा किंवा तैवानचा ज्युपिटर शोधावा, त्यासाठी सहा महिने थांबावे लागले तरी चालेल. सोनेरी मुलामा उडालेला असला तर उलट बरे, भाव करता येतो. मुलाम्याने सूर सुधारत नाही.

घेताना वाजवणारा माणूस सोबत न्याच. त्याचा चहा-नाश्ता आणि गाडीभाडे आपण द्यावे, ते फुकट जात नाही. त्याने अगदी खालचा बी फ्लॅट हळू फुंकून काढून पाहावा. जोरात फुंकले की गळके वाद्यही बोलते, हळू फुंकल्यावर खरे कळते. मग मोबाइलवर ट्यूनर लावून प्रत्येक सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात तपासावा. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग धरतात, त्याला सेंट म्हणतात. दहा-पंधरा सेंटचा फरक ओठाने सांभाळता येतो. तीस-चाळीसचा फरक दिसला तर वाद्य तिथेच ठेवून घरी यावे. चाव्या हलवून पाहाव्यात; खुळखुळत असतील किंवा बोटाच्या जोराने वाकत असतील तर धातू मऊ आहे. असे वाद्य काही दुरुस्तीवाले हातातही घेत नाहीत, तेव्हा जवळच्या दुरुस्तीवाल्याला आधीच विचारलेले बरे.

जुने परदेशी वाद्य स्वस्तात मिळते आहे म्हणून हुरळून जाऊ नका. अंगावर ‘एच पी’ किंवा ‘हाय पिच’ अशी अक्षरे असतील तर ते पूर्वीच्या चढ्या स्वरमानाचे आहे. आजच्या कीबोर्डशी ते कधीच जुळणार नाही. तसेच काही जुने सोप्रानो ‘सी’चे असतात, नेहमीचा सोप्रानो बी फ्लॅटचा असतो.

या बी फ्लॅटचा घोळही समजून घ्या. सोप्रानोवर ‘सी’ वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर वादकाने ‘डी’ धरायचा, काळी एकमध्ये असेल तर ‘ई फ्लॅट’. गायनपार्टीत पहिल्या दिवशी मुलगा पेटीशी जुळला नाही तर लगेच वाद्याला दोष देऊ नका. आधी हे पाहा.

सगळे पैसे वाद्यातच घालू नका. सोबत आलेला माउथपीस बहुधा कामचलाऊ असतो. यामाहाचा ४सी शिकणाऱ्याला पुष्कळ. रीड दोन किंवा अडीच नंबरची. रीड झिजते, चिरते, म्हणून तो वह्या-पुस्तकांसारखा चालू खर्च धरावा. चाळीत रियाजाची अडचण होते हे खरे. पण तोंडात कापड कोंबून उपयोग नाही, कारण आवाज बाजूच्या भोकांतूनही बाहेर पडतो. गच्ची किंवा शाळेचे मैदान बघावे.

काकांनी आमच्या वाद्याचे पॅड बदलून घेतले. नवा माउथपीसही बसवला. खालचे सूर मोकळे झाले, पण वरचे तीन सूर काही जागेवर आले नाहीत, भोकेच चुकली होती. शेवटी काकांच्या ओळखीच्या एका निवृत्त बँडवाल्याकडून जुना यामाहा दहा हप्त्यांत घेतला. पोरगा आता त्यावर रोज दोन तास बसतो. पहिले वाद्य विकायला काढले, तर गिऱ्हाईक सात हजारांच्या वर जाईना.