चित्र तुटलं नाही

2004 ची दिवाळी आठवड्यावर आली होती. मूर्तिजापूरजवळ मामाच्या गावी ओसरीला लागून असलेल्या खोलीत वेचणीचा कापूस छताला टेकेल एवढा साठला होता. भारनियमनाची वेळ होती. मामानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून पोर्टेबल टीव्हीला जोडली. केबलवाल्याचं घर दोन घरं सोडून होतं आणि त्याच्याकडे जनरेटर होता, म्हणून चित्र येत होतं. सोनीवर ‘सीआयडी’ या पोलीस तपासाच्या मालिकेचा विशेष भाग लागला होता. अर्ध्या तासानं मामा पुढे सरकून बसला आणि म्हणाला, “पाह्य बरं, मंघापासून चित्र एकदाबी तुटलं नाही.”

मामानं शूटिंग कधी पाहिलं नव्हतं. पण कापसाच्या ढिगात एखादं वेगळं बोंड मिसळलं तरी त्याच्या बोटांना कळायचं, आणि इथं त्याच्या डोळ्यांना कळलं. तो 7 नोव्हेंबरचा रविवार होता. त्या भागाचं नाव होतं ‘द इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. महिनाभर आधी, 8 ऑक्टोबरला, लोणावळ्याच्या एका बंगल्यात तो चित्रित झाला होता. 111 मिनिटांचं चित्रण एकाच दमात केलं होतं. कॅमेरा सुरू झाला तो गोष्ट संपल्यावरच थांबला. गिनेस आणि लिम्का या दोन्ही विक्रमग्रंथांनी त्याची नोंद घेतली.

हे धाडस दिग्दर्शक बी. पी. सिंग यांचं. त्यांना ते सुचलं, कारण ते मुळात कॅमेरामन. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकून ते मुंबई दूरदर्शनमध्ये कॅमेरामन म्हणून लागले. ‘सीआयडी’ची खरी मुळं आपल्या मराठीत आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मालिका केली. मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर ती बेतलेली होती, आणि शीर्षकात तेव्हाचा पोलिसांचा फोन नंबर होता. तो नंबर आज 112 झाला आहे. त्या मालिकेतले पोलीस अधिकारी शिवाजी साटम पुढे एसीपी प्रद्युम्न झाले. अभिनयाच्या आधी ते सेंट्रल बँकेत कॅशियर होते. मला त्यांच्या तपासात नेहमी तो कॅशियर दिसतो. हिशेब जुळत नाही तोवर खिडकी बंद न करणारा माणूस.

दुसरं मूळ याहून खोल आहे. ‘सीआयडी’चे निर्माते प्रदीप उप्पूर हे ‘अर्धसत्य’च्या निर्मात्यांपैकी एक. 1983 चा हा चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून आला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. त्यातला पोलीस अधिकारी वेलणकर खाकी वर्दीत आतून फाटत जातो. ‘सीआयडी’चे अधिकारी असे फाटत नाहीत, घरातल्या मोठ्या भावासारखे भरवशाचे राहतात. दोन्ही एकाच निर्मात्याच्या हातून आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच माणसाला पोलिसाची वेदनाही दाखवायची होती आणि पोलिसाचा आधारही.

‘सीआयडी’चा पहिला भाग 21 जानेवारी 1998 ला आला. सुरुवातीला इन्स्पेक्टर वीरेंद्र होते आशुतोष गोवारीकर. पुढे त्यांनी ‘लगान’ केला आणि लोक ही भूमिका विसरले. आदित्य श्रीवास्तव आधी एका भागात गुन्हेगार म्हणून आले. त्यांचं काम असं भावलं की वर्षभरानं ते पोलीस अधिकारी अभिजीत होऊन परतले. मालिकेत दारं तोडणारे दयानंद शेट्टी थाळीफेकीचे खेळाडू, 1994 चे महाराष्ट्राचे विजेते. थाळी फेकताना ताकद पायातून कमरेत आणि कमरेतून खांद्यात चढते. दारावर धडकताना त्यांचं अंग कसं वळायचं ते आठवून पाहा. फ्रेडरिक्स झालेल्या दिनेश फडणीसांनी काही भाग लिहिलेही. सगळ्यांना हसवणारा हा माणूस 5 डिसेंबर 2023 ला गेला, तेव्हा आमच्या घरी दिवसभर कुणी मोठ्यानं बोललं नाही. 2018 च्या ऑक्टोबरपर्यंत मालिकेचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

पण मी परत लोणावळ्याला येतो, कारण माझं मन तिथं अडकलं आहे.

चित्रपटाच्या फिल्मचं हजार फुटांचं रीळ साधारण 11 मिनिटांत संपतं. म्हणून हिचकॉकला 1948 मध्ये ‘रोप’ करताना दर दहाएक मिनिटांनी रीळ बदलावं लागलं आणि काही सांधे कुणाच्या पाठीमागे कॅमेरा नेऊन लपवावे लागले. रशियन दिग्दर्शक सोकुरोव यांनी 2001 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ‘रशियन आर्क’ एका दमात टिपला, तो फिल्म सोडून थेट हार्ड डिस्कवर उतरवला म्हणून. पण त्या चित्रपटात इतिहास हळूहळू फिरत होता. लोणावळ्यात मात्र खून होता, आणि कटशिवाय खुनाची गोष्ट सांगणं फार अवघड. एरवी दिग्दर्शक कटच्या आड काय काय लपवतो: कोण खोलीत होतं, कुणी पेला उचलला, कोण जिन्यावरून उतरलं. कट नसेल तर सगळं प्रेक्षकांसमोर ठेवूनच त्यांना चकवावं लागतं. कॅमेरा कुठल्याही दिशेला वळू शकतो म्हणून दिवे उभे करायला जागा नसते. चौकटीबाहेर गेलेल्या नटानं मागच्या दारानं धावत जाऊन पुढच्या खोलीत श्वास न लागल्यासारखं उभं राहायचं असतं. आणि शंभराव्या मिनिटाला कुणाची जीभ अडखळली तर आधीची नव्याण्णव मिनिटं मातीत.

“एकाची चूक म्हंजे साऱ्यायची,” मामा म्हणाला होता. खळ्यावर तो मजुरांनाही हेच सांगायचा.

मालिकेवर एक आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जातो, आणि तो बरोबर आहे. मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे परीक्षानळी हलवतात आणि तिथल्या तिथे विषाचं नाव सांगतात. नरेंद्र गुप्तांनी हे काम इतक्या जिवानं केलं की आपल्याला ते पटत आलं. खरं काम कसं चालतं ते मला मावसभावामुळे कळलं. तो अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात शिपाई आहे आणि कॅरिअर म्हणून, म्हणजे तपासणीचे नमुने पोचवायला, अनेकदा अमरावतीला जातो. तिथं सरकारची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. आपल्या वऱ्हाडात विष म्हटलं की बहुतेकदा फवारणीचं औषध, आणि त्याच्यामागे कर्जाचा कागद असलेलं एखादं घर.

शवविच्छेदनानंतर जठर आणि आतड्याचा तुकडा एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचा भाग दुसरीत जातो. वरून मिठाचं संपृक्त द्रावण ओततात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलंच मीठ, विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घातलेलं. बरणी काठोकाठ भरत नाहीत. आणि त्या द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवतात, म्हणजे विष शरीरातलं की मिठाच्या पाण्यातलं, असा प्रश्न कोर्टात उठला तर उत्तर देता यावं. ही वेगळी बाटली मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी किती तरी वेळ गप्प होतो. कुण्या गरिबाच्या मरणासाठी व्यवस्था एवढी काळजी घेते, हे मला ठाऊक नव्हतं.

बरण्यांच्या तोंडावर कापड, दोरा, लाखेची मोहोर. सोबतच्या पत्रावर त्याच मोहोरेचा नमुना. मावसभाऊ डबा मांडीवर घेऊन बसतो. बडनेऱ्याला चहा प्यायला उतरला तरी डबा हातातच. ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरपासून प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत तो डबा कधी, कुणाच्या ताब्यात होता, हे मिनिटागणिक सांगता आलं पाहिजे. खटला उभा राहिला की त्यालाही पिंजऱ्यात बोलावतात आणि वकील विचारतो, वाटेत डबा खाली ठेवला होता का? एका ठिकाणी साखळी तुटली की सीए, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरच्या, रिपोर्टमध्ये विषाचं नाव असूनही आरोपी सुटू शकतो. अहवालाला आठवडे लागतात, कधी महिने. घरचे लोक तोवर ठाण्यात चकरा मारत राहतात.

त्या रात्री गोष्ट संपायच्या आत मामाची बॅटरी उतरली. चित्र चारी बाजूंनी आकसत गेलं आणि मधोमध पांढरा ठिपका राहिला. मामानं सकाळी फवारणीला लागणारा ट्रॅक्टर ढकलून सुरू केला आणि मला विचारलं, “मंग कोन निघालं रे?” मला माहीत नव्हतं. पुढे तो भाग पुन्हा दाखवला तेव्हा मी शेवट पाहिला आणि फोन करून सांगितला.

परवा मावसभाऊ अमरावतीहून परतताना घरी आला होता. खिडकीवरच्या बाईंनी बरण्या फिरवून फिरवून पाहिल्या, पत्रावरच्या मोहोरेशी ताडल्या आणि पोच दिली, असं त्यानं सांगितलं. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यानं तो टेबलावर सरळ केला. शिक्क्याच्या वर निळ्या शाईत दोन शब्द होते: सील शाबूत.