वाट कोणी सोडायची? : सेवा-आरेखनांतील क्लॅशचे स्वयंचलित निराकरण (लेखांक ६)

इमारतीच्या आरेखनांतील क्लॅशचा, म्हणजे दोन घटक एकाच जागेवर येण्याचा, शोध कसा लागतो, हे मागील लेखांकात पाहिले. दहा हजार घटक असलेल्या प्रतिमानात, म्हणजे प्रत्येक नळ, डक्ट आणि तुळई आपापल्या मापांनिशी नोंदलेल्या त्रिमितीय संगणकीय प्रतिकृतीत, तपासण्याजोग्या जोड्या जवळपास पाच कोटी भरतात. परंतु प्रत्येक घटकाभोवती एक काल्पनिक पेटी मानून ज्यांच्या पेट्या एकमेकींना शिवत नाहीत त्या जोड्या आधीच वगळल्या, की उरलेल्यांची काटेकोर तपासणी संगणकाला जड जात नाही. नेव्हिसवर्क्ससारख्या प्रणालींनी हे काम इतके सुकर केले आहे, की समन्वयाच्या बैठकीत आता पेच पडतो तो सापडलेल्या हजारो क्लॅशांचे करायचे काय, याचा.

त्यांतील पुष्कळसे क्लॅश मुळात वेगवेगळे नसतात. एकच नळ चुकीच्या उंचीवरून नेल्यामुळे बारा तुळयांना भेदत असेल, तर अहवालात बारा नोंदी पडतात, पण चूक एकच असते आणि नळ खाली घेतला की बाराही नोंदी एकदम मिटतात. काही नोंदींत तर क्लॅशच नसतो. भिंतीत ठेवलेल्या स्लीव्हमधून, म्हणजे नळासाठी राखलेल्या आरपार वाटेतून, जाणारा नळ भिंतीला छेदतो असे संगणकाला दिसते, जरी त्याने तेथूनच जावे अशी योजना असली तरी. याउलट खरी अडचण अहवालात उमटतच नाही, असेही घडते. डक्टचा पत्रा तुळईखालून मोकळा जातो, मात्र त्यावरचे 25 मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक आवरण प्रतिमानात काढलेलेच नसते, किंवा व्हॉल्व्ह फिरवण्यासाठी हात पोहोचेल एवढी जागा कोणी राखलेली नसते. वस्तूभोवतीच्या अशा आवश्यक मोकळ्या जागेवरील अतिक्रमणाला ‘सॉफ्ट क्लॅश’ म्हणतात. नोंदींचे गट पाडणे आणि निरर्थक नोंदी बाजूला काढणे ही स्वयंचलनाची पहिली पायरी असून, तिच्यात दिमाख काहीच नसला तरी अभियंत्यांचा सर्वाधिक वेळ तीच वाचवते.

निराकरणाचा गाभा यापुढे सुरू होतो. दोन सेवा, म्हणजे नळ, डक्ट, केबल यांच्या व्यवस्था, समोरासमोर आल्या, तर वाट कोणी सोडायची? अनुभवी ड्राफ्ट्समनकडे याचे उत्तर बहुधा तयार असते. सांडपाण्याची नळी गुरुत्वाकर्षणावर चालते. 1:60 उताराने 12 मीटर जाताना ती 200 मिलिमीटर खाली उतरणारच आणि तिला मध्येच वर उचलता येत नाही, म्हणून पहिला मान तिचा. त्यानंतर मोठे डक्ट, मग वातानुकूलनासाठी थंड पाणी वाहून नेणारे चिल्ड वॉटरचे नळ आणि केबल ट्रे, आणि सर्वांत शेवटी लहान व्यासाचे नळ व कॉन्ड्युइट (विजेच्या तारा ओवण्याच्या नळ्या), ज्यांना कोठूनही वळवता येते. हा क्रम संगणकाला शिकवणे अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्येक वळणामागे दडलेल्या अटी शिकवणे. चिल्ड वॉटरचा नळ अडथळ्यावरून उचलून पुन्हा खाली आणला, तर त्या उंचवट्यात हवा साठते आणि तेथे हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. अडथळ्याखालून नेला, तर सखल भागी पाणी काढून टाकण्याची सोय हवी. जाड, चिलखती वीजकेबल तिच्या व्यासाच्या साधारण बारापट त्रिज्येपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये असा दंडक पाळला जातो. म्हणजे 50 मिलिमीटर व्यासाच्या केबलला 600 मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते. पडद्यावर काटकोनात वळवलेला ट्रे क्लॅश मिटवतो, परंतु त्यात केबल बसत नाही.

एका निर्णयातून दुसरा कसा उद्भवतो, हे रुग्णालयाच्या मार्गिकेवरील छताच्या पोकळीत विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथे जवळपास सर्वच सेवा एका अरुंद जागेत एकवटलेल्या असतात. समजा, 800 मिलिमीटर रुंद आणि 500 मिलिमीटर उंच असलेला डक्ट खालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळीला अडतो. क्षेत्रफळ तेवढेच राखून तो 1250 बाय 320 केला, तर 180 मिलिमीटर उंची मोकळी होते आणि क्लॅश मिटतो. मात्र डक्टची परिमिती 2.60 मीटरवरून 3.14 मीटरवर जाते, म्हणजे पत्रा आणि आवरण सुमारे 21 टक्के अधिक लागते, हवेचे घर्षण वाढते आणि पंख्यावरचा भार चढतो. शिवाय डक्टची रुंदी आता 1.2 मीटरच्या पुढे गेलेली असते. अमेरिकेतील एनएफपीए 13 या अग्निशमन-मानकानुसार त्याहून रुंद स्थिर अडथळ्याच्या खालीही स्प्रिंकलर द्यावे लागतात. डक्ट छताखाली उघडा असेल, तर त्याच्या पोटाखालून नवा नळ काढणे आले, आणि हा नळ आणखी कशाला तरी अडू शकतो. केवळ क्लॅशांची संख्या मोजणाऱ्या यंत्राला यांतले काहीही जाणवत नाही. त्याच्या लेखी एक क्लॅश कमी झालेला असतो.

मार्ग शोधण्याचे गणित मात्र जुने आहे. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील सी. वाय. ली यांनी 1961 मध्ये चौकटींच्या जाळ्यातून दोन बिंदू जोडण्याची पद्धत मांडली, आणि पुढे विद्युतमंडलांतील तारांची आखणी तिच्यावर उभी राहिली. 1968 मध्ये हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ‘ए-स्टार’ पद्धत दिली, जी उरलेल्या अंतराचा अंदाज बांधून निष्फळ दिशा लवकर सोडून देते. इमारतीत हीच पद्धत वापरताना छताच्या पोकळीचे लहान घन कल्पिले जातात, भरलेले घन वर्ज्य ठरतात, आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक चढउताराला ‘किंमत’ लावून सर्वांत स्वस्त मार्ग निवडला जातो. परंतु विद्युतमंडलावरील तारा पुष्कळशा एकसारख्या असतात, तर इमारतीतील प्रत्येक सेवेची किंमत निराळी असते, आणि ती किंमत कोणीतरी आधी आकड्यांत सांगावी लागते. सेवा ज्या क्रमाने आखाव्या त्यानुसार निष्पत्तीही बदलते: आधी आखलेली सेवा सरळ वाट बळकावते आणि नंतरची वळसे घेते. म्हणून आखलेले काही मार्ग उखडून पुन्हा आखण्याची, मंडलरचनेतून आलेली युक्ती येथेही उपयोगी पडते.

यंत्रशिक्षणाने, म्हणजे पूर्वीच्या उदाहरणांवरून नियम स्वतःच हेरणाऱ्या पद्धतीने, या किमती शिकता येतील अशी आशा बाळगली जाते. कोणता क्लॅश दुर्लक्षणीय आहे, हे ओळखण्यापुरती ती रास्त आहे. निर्णय शिकण्याच्या आड मात्र एक व्यावहारिक उणीव येते: प्रतिमानात अंतिम स्थिती तेवढी उरते. नळ 150 मिलिमीटर डावीकडे का सरकला, वास्तुविशारदाने छताची उंची कमी करू दिली नाही म्हणून, की ठेकेदाराकडे तेच बेंड शिल्लक होते म्हणून, हे बैठकीच्या इतिवृत्तात राहते किंवा कोठेच राहत नाही. कारण ठाऊक नसलेला निर्णय यंत्राला उदाहरण म्हणून देणे धोक्याचेच म्हणावे लागेल.

या स्थितीत स्वयंचलन कोठे नेटके बसते, हे ठरवता येते. लहान नळ, स्प्रिंकलरच्या शाखा आणि कॉन्ड्युइट यांच्या बाबतीत नियम मोजके आणि परिणाम स्थानिक असतात, तेव्हा ते यंत्राने परस्पर हलवले तरी चालावे. डक्ट, सांडपाण्याच्या नळ्या आणि तुळईतून काढायची भोके यांच्या बाबतीत यंत्राने दोन-तीन पर्याय, त्यांचा खर्च आणि त्यांतून उपजणारे नवे क्लॅश यांच्यासह पुढे ठेवावेत, आणि निवड संबंधित अभियंत्याने करावी. तुळईला भोक पाडण्याची अनुमती रचना-अभियंता देतो, आणि तिची जबाबदारीही त्याच्याच सहीवर असते. पुणे-मुंबईतील अनेक कार्यालये परदेशांतील प्रकल्पांची सेवा-आरेखने येथे बसून तयार करतात, तेव्हा निर्णय घेणारा आणि तो काढणारा यांच्यात हजारो मैलांचे अंतर असते. निवडीचे कारण क्लॅशच्या नोंदीलाच जोडून पाठवण्याची गरज तेथे अधिक भासते. अशी कारणे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये ने-आण करण्यासाठी ‘बीसीएफ’ नावाचा खुला आराखडा वापरला जातो. त्याची रचना पुढील लेखांकात पाहू.